चौदा नंबरची आई

३ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी ६ वाजून २० मिनिटे

उंदरांच्या खोलीत चौदा नंबरच्या पिंजऱ्यासमोर उकिडवा बसून मी आत्ता, याच मिनिटाला, एक गुन्हा केला. हातमोजे काढले, हात धुतले आणि लगेच लिहायला बसलो. नंतर लिहिलं की वेळ अंदाजाने पडते, आणि अंदाज मला आवडत नाही.

चौदामधल्या मादीने काल दुपारी ३ वाजून ४० मिनिटांनी सहा पिल्लं घातली. आज येऊन पाहतो तर पिल्लं पिंजराभर विखुरलेली, गार पडलेली, आणि ती कोपऱ्यात पाठ करून बसलेली. नव्या पिल्लाची कातडी इतकी पातळ असते की पोटात दूध गेलं की बाहेरून पांढरा ठिपका दिसतो. सहापैकी एकाच्याही पोटात ठिपका नव्हता. समोरच्या रांगेत बावीस नंबरची मादी. तिची पिल्लं काल संध्याकाळी प्रयोगासाठी नेली. ती रिकाम्या पिंजऱ्यात भुसा उकरून उकरून त्यांना शोधत होती. इकडे दूध आहे आणि पिल्लं नाहीत, तिकडे पिल्लं आहेत आणि दूध नाही.

मी दोघी माद्यांची अदलाबदल केली. आधी बावीसमधला भुसा पिल्लांना चोळला, म्हणजे वास ओळखीचा वाटतो. बावीसच्या मादीने पाच मिनिटांत एकेकाला तोंडात धरून घरट्यात गोळा केलं. चौदाची मादी बावीसमध्ये गेली आणि चक्क झोपली.

ही वही कोणाच्या हाती पडली तर त्याला कळावं म्हणून लिहितो की यात गुन्हा काय. बाई, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, यांचा विषय आहे की पोटात आणि जन्मल्यावर शरीर घडताना लठ्ठपणा कुठून येतो. त्यांच्याकडे उंदरांची दोन घराणी आहेत. जाड्या घराण्यात एक जनुक बदललेलं आहे. तेच खाणं खाऊनही हे उंदीर अडीच महिन्यांत भोपळे होतात. सडं, म्हणजे सडपातळ, घराणं साधं. चौदा जाड्या घराण्यातली, बावीस सड्या. आईने टाकलेली पिल्लं कार्डावर नोंदवून प्रयोगातून काढायची असा नियम आहे. काढायची म्हणजे मारायची. दारावर बाईंच्या अक्षरात पाटी आहे, 'जे कार्डावर नाही, ते घडलंच नाही.'

बाई परगावी आहेत. मी कार्डावर काही लिहिलं नाही. पाटीप्रमाणे काही घडलेलं नाही. वहीत मात्र घडलं आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सहाच्या सहा पोटांत पांढरे ठिपके! तीनदा मोजले. आनंदाने शीळ घातली आणि मग घाबरलो, कारण उंदरांच्या खोलीत शीळ घालायला मनाई आहे. ('शीळ' मधला 'शी' दीर्घ. कोशात पाहिलं.)

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जवळजवळ धरला गेलो होतो. अर्धे डॉक्टर फेरीला आले. त्यांच्या पीएचडीचं सातवं वर्ष आहे म्हणून सगळे त्यांना अर्धे डॉक्टर म्हणतात. ते स्वतःही म्हणतात. चौदासमोर थबकले.

"काय रे पिंजरेवाले, ही बया रोडावली का?"

"बाळंतपणाने, सर."

"आमच्या घरी नेमकं उलटं झालं," म्हणाले आणि पुढे गेले.

घरी आल्यावर ताईने किल्ली मागितली. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, एकोणतीस. घरीच शिवणकाम करते. वजन ९६ किलो. तिच्या भल्यासाठी मी १२ जानेवारीपासून बिस्किटांच्या डब्याला कुलूप लावलं आहे. दिवसाला दोन मिळतात. मागितली किती, दिली किती, कोण किती जेवलं, सगळं वहीच्या मागच्या पानांवर मांडतो. प्रयोगशाळेत शिकलेली पद्धत घरीही उपयोगी पडते.

"हिशेबनीस, किल्ली आण."

"सहा वाजता दोन मिळतील."

"तुझ्या उंदरांना आहे का वेळापत्रक?"

"त्यांच्यासमोर चोवीस तास खाणं असतं."

"बघ आई! मी चुकीच्या जातीत जन्मले."

आई हसली. मग म्हणाली, "हिच्या वेळी तुमच्या बाबांचा कारखाना बंद होता. दिवसाला एकदा जेवायचे मी, तेही मिळालं तर. जन्मली तेव्हा एवढीशी होती, चपलेच्या खोक्यात मावेल अशी. मला दूधच आलं नाही. मग डब्याचं दूध. शेजारीण म्हणाली, पोर जगायचं असेल तर दुप्पट पावडर घाल. घातली."

म्हणजे लहानपणी ताईला कोणी अडवलंच नाही. तिथूनच ही सवय लागली असणार. मी झालो तेव्हा कारखाना सुरू झाला होता. मी काडी आहे. शेवटी सगळं जिभेवरच्या ताब्याचं आहे.

२३ फेब्रुवारी, सोमवार

चौदाची पिल्लं एकवीस दिवसांची झाली. आईपासून वेगळी केली, कानांना खुणा केल्या. दोघी माद्या आपापल्या पिंजऱ्यात परत. बावीसची जाताना दोनदा मागे वळली. आता कोणालाही काहीही कळायचं कारण नाही. प्रकरण मिटलं.

२० एप्रिल, सोमवार

काय लिहू!

आज अकरा आठवड्यांचं वजन. अकरा नंबर, सरासरी ४३ ग्रॅम. बारा नंबर, ४५. तेरा, ४४. जाडं घराणं, सगळं ठरल्याप्रमाणे. चौदा नंबर, २९.

मला वाटलं काटा बिघडला. वीस ग्रॅमचं वजन ठेवून तपासला. बरोबर होता. पुन्हा मोजले. २९. अर्धे डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी सहाही उंदीर स्वतः मोजले आणि कपाळावरचा चष्मा शोधायला लागले. "अरे, ही कोणाची पोरं?" म्हणाले. "शेपटीचे तुकडे दे. जनुक तपासतो. तू खुणा चुकवल्या असशील तर बघ."

मी खुणा चुकवत नाही.

२१ एप्रिल, मंगळवार

खुणा बरोबर! तपासणीत सहाही पक्के जाड्या घराण्याचे निघाले. बदललेलं जनुक आईकडूनही आणि बापाकडूनही. आणि तरी सडे!

बाई बोळातून पळत आल्या. पन्नाशीची बाई पळताना मी पहिल्यांदा पाहिली. एक चप्पल बोळातच राहिली, ती मी नेऊन दिली.

"कळतंय का तुम्हाला?" त्या म्हणत होत्या. "बंदूक भरलेली आहे, चाप ओढलेला आहे, आणि गोळी सुटत नाही! या सहा जणांत दुसरं कुठलं तरी जनुक बदललंय. ते पहिल्याचं तोंड बंद करतंय. ते सापडलं तर..." आणि वाक्य तसंच सोडून दिलं.

मग माझ्याकडे वळल्या. "चौदाला काही वेगळं केलं होतंस? खाणं, पाणी, जागा?"

मी विचार करून उत्तर दिलं. खाणं तेच, पाणी तेच, जागा तीच. तिन्ही उत्तरं खरी होती.

बाईंनी सगळ्यांना आइस्क्रीम मागवलं. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "तुझ्या पिंजऱ्यातून निघालं हं हे!" मी वाडग्यातलं वितळेपर्यंत हातात धरून उभा होतो. माझ्या पिंजऱ्यातून! आठवी पास माणसाच्या पिंजऱ्यातून!

२३ एप्रिल, गुरुवार

आज कळलं की हे किती मोठं आहे. प्रयोगशाळेला मिळणारं अनुदान ऑगस्टअखेर संपतं. पुढचं मिळण्यासारखं बाईंकडे तीन वर्षांत काही निघालं नव्हतं. अनुदान गेलं की खोली बंद. चारशे अठरा उंदीर काढून टाकायचे, आणि आम्ही सगळेच घरी. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आता चौदा नंबरमुळे सगळं पालटलं आहे. ६ मे रोजी मोठी परिषद आहे. बाई तिथे जाहीर करणार. त्याआधी बुधवारी अनुदान देणारी समिती पाहणीला येणार.

चौदाच्या पिंजऱ्याला मी नवी पाटी लावली. अक्षर चांगलं आलं आहे.

२९ एप्रिल, बुधवार

समितीचे पाच जण आले. चहाचं तबक माझ्याकडे होतं. बाई फळ्यासमोर उभ्या राहून इतक्या सुंदर बोलत होत्या की मी तबक घेऊन दारातच थांबलो.

"सगळं सारखं होतं," बाई म्हणाल्या. "तोच आहार, तीच खोली, तेवढाच उजेड. आई जाड्या घराण्यातली, बाप जाड्या घराण्यातला, दूधही त्याच आईचं. सगळं सारखं धरलं की वेगळं उरतं काय? फक्त जनुक."

दूधही त्याच आईचं.

पाचही कप एकदम वाजले. कोणी तरी म्हणालं, "अरे, सांभाळ."

समितीतल्या एका म्हाताऱ्या सदस्याने विचारलं, "आईबद्दल नक्की ना? मध्ये काही गडबड?"

"नोंदी आमचा हा मुलगा ठेवतो," बाई हसून म्हणाल्या. "याचं एक शून्यसुद्धा इकडचं तिकडे होत नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा दिला. कोणाच्या कपात साखर घातली आणि कोणाच्या नाही, आठवत नाही.

३० एप्रिल, गुरुवार

स्वतःशीच वाद घालतो आहे. दूध ते दूध. एकवीस दिवस दुसरीचं दूध प्यायल्याने घराणं बदलतं का? बदलत नसेल तर सांगायची गरज नाही. बदलत असेल तर दुसरं जनुक नाहीच. मग बाई परिषदेत उभं राहून नसलेली गोष्ट सांगणार, आणि पुढची तीन वर्षं तीच शोधत बसणार.

सांगितलं तर माझी नोकरी आज जाते आणि सगळ्यांची ऑगस्टमध्ये. नाही सांगितलं तर बाईंचं नाव जातं, कधी ते माहीत नाही. आणि कार्डावर काहीच नाही. ते फक्त या वहीत आहे. वही जाळता येते.

हे वाक्य लिहिल्यावर वही कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग उठून पुन्हा बाहेर काढली.

२ मे, शनिवार

जेवण गेलं नाही. ताईने शिलाई मशीन थांबवलं आणि म्हणाली, "तू ताटात भात सोडलास? बोल, कोणाचा खून केलास?"

सगळं सांगितलं. ती तोंडातल्या टाचण्या एकेक काढून डबीत ठेवत ऐकत होती.

"बाईंना सांग," म्हणाली.

"नोकरी जाईल."

"जाईल."

"तुला काय जातंय बोलायला?"

"मला काय जातंय?" ती म्हणाली. "चुकीच्या ठिकाणी खोट शोधत बसलं ना रे, की फार वर्षं जातात. आणि ज्याच्यात शोधतात त्याची जास्त जातात." आणि तिने मशीन पुन्हा सुरू केलं.

तिला उंदरांबद्दल इतकं वाटतं हे मला माहीत नव्हतं.

४ मे, सोमवार

सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी बाईंच्या खोलीत गेलो. काय बोलायचं ते कागदावर लिहून पाठ केलं होतं. आत गेल्यावर एक शब्द आठवला नाही. वही ३ फेब्रुवारीच्या पानावर उघडून टेबलावर ठेवली.

बाईंनी वाचलं. उठून दार लावलं. पुन्हा वाचलं.

"अक्षर तुझं?"

"हो."

"परवा मी पाचशे लोकांसमोर उभी राहून खोटं बोलले असते, माहीत आहे?"

"म्हणून आलो, बाई."

"फेब्रुवारीत का नाही आलास?"

"तुम्ही त्यांना मारलं असतंत."

त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. मग म्हणाल्या, "हो. मारलं असतं. जा तू."

मी जाऊन माझं कपाट रिकामं करायला घेतलं. त्यातून निघालं ते असं : डबा एक, टॉवेल एक, कोश एक, पेन्सिली चार. पिशवी भरून झाली होती तेवढ्यात बोळातून धावल्याचा आवाज आला. या वेळी दोन्ही चपला मागे राहिल्या होत्या.

"जन्मल्यापासून किती तासांनी बदललीस?" बाई दारातूनच ओरडल्या.

"वहीत आहे. जन्म ३ वाजून ४०, बदल सकाळी ६ वाजून २०. चौदा तास चाळीस मिनिटं."

"आणि तोवर पोटात थेंब नाही?"

"एकाही पोटात ठिपका नव्हता."

"अर्धे!" बाई हाका मारायला लागल्या. "अर्धे, इकडे या! जाड्या आईच्या दुधाचा थेंबही गेला नव्हता!"

अर्धे डॉक्टर आले तेव्हा बाई माझ्या रिकाम्या कपाटाच्या दारावर खडूने चित्र काढत होत्या. उंदराच्या मेंदूत भूक आणि पोट भरल्याची जाणीव यांच्या तारा असतात. त्या जन्मताना जोडलेल्या नसतात. जन्मल्यावर पहिल्या दोन-अडीच आठवड्यांत जोडल्या जातात. जनुक बिघडलेलं असलं तरी त्या दिवसांत आई कोण, दूध कोणाचं, यावर जोडणी पालटत असली तर?

"म्हणजे जनुक बंदूक," अर्धे डॉक्टर म्हणाले, "आणि चाप आईच्या हातात?"

"मला काय माहीत!" बाई ओरडल्या. इतक्या आनंदाने 'मला माहीत नाही' म्हणणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. "सहा उंदरांवरून कोण सांगणार? पुन्हा करायचं. नीट करायचं. उलटंही करायचं, सडी पिल्लं जाड्या आईकडे. पिंजरेवाले, सोळा माद्या लागतील. आहेत?"

"एकोणीस आहेत," मी म्हणालो.

"मग पिशवी का भरलीस?"

५ मे, मंगळवार

बाईंनी परिषदेतलं भाषण मागे घेतलं. समितीलाही खरं कळवलं. फोनवरचं बाईंच्या बाजूचं मी ऐकलं. "नाही, दुसरं जनुक नाही. हो, चूक आमचीच. नाही, आज दाखवायला काही नाही. ऑगस्टच्या मध्यापर्यंत थांबा. थांबायचं नसेल तर नका थांबू."

फोन ठेवल्यावर बाईंनी भाषणाचे कागद टोपलीत टाकले. मग मला हाक मारून ताकीदपत्र दिलं. त्यात कारण लिहिलं आहे, 'नोंद न करता पिल्लं वाचवली.' मी वाचून सही केली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

दारावरच्या पाटीखाली बाईंनी दुसरी ओळ लिहिली आहे. 'घडलं असेल, तर घाबरू नका, कार्डावर आणा.'

२८ मे, गुरुवार

सोळा माद्या ठरवून एकाच वेळी गाभण करवल्या होत्या, सोळाही दोन दिवसांत व्याल्या. आठ बाळंतिणींची पिल्लं बदलली, आठांची आपापल्या आईकडेच ठेवली. या वेळी सगळं कार्डावर, मिनिटांसकट. प्रत्येक पिल्लाच्या पोटाकडे पाहून मगच हात लावला. अर्धे डॉक्टर म्हणाले, "तुझ्या हाताला आता सुईणीचा वास येतो रे." मला ते फार आवडलं.

१९ जुलै, रविवार

सुट्टी असून जाऊन आलो. बाईही तिथेच होत्या. आम्ही दोघंही म्हणालो की सहज आलो होतो.

१३ ऑगस्ट, गुरुवार

वजनाचा दिवस. आपल्याला हवं तेच दिसू नये म्हणून बाईंनी पिंजऱ्यांचे नंबर कागदाने झाकले होते. कोणता उंदीर कुठला, ते एका पाकिटात बंद. मी मोजायचं, अर्धे डॉक्टरांनी लिहायचं, बाईंनी फक्त उभं राहायचं. एकशे चार उंदीर. चार तास लागले. कोणी चहा मागितला नाही.

मग बाईंनी पाकीट फोडलं, आणि अर्धे डॉक्टरांनी बेरजा करून मोठ्याने वाचलं.

जाडी पिल्लं, जाडी आई : सरासरी ४४ ग्रॅम.
सडी पिल्लं, सडी आई : २७.
सडी पिल्लं, जाडी आई : ३३.
जाडी पिल्लं, सडी आई : ३१.

"एकतीस," बाई म्हणाल्या आणि जमिनीवर, भुशातच बसल्या. अर्धे डॉक्टरांनी मला उचललं. मला! मी काडी असल्यामुळे जमलं. ते ओरडत होते, "पूर्ण डॉक्टर! पूर्ण डॉक्टर होतो मी आता!" खोलीत ओरडायला मनाई आहे हे सांगायचं मला सुचलंच नाही. समिती काय म्हणेल ते महिनाअखेर कळेल. पण बाई म्हणाल्या, "आता त्यांना काय म्हणायचंय ते म्हणू देत. हे खरं आहे."

सगळं आवरल्यावर मी विचारलं, "बाई, माणसांचंही असंच असतं का?"

"घाई करायची नाही," बाई म्हणाल्या. "उंदराचं उंदराला. माणसाचं सांगायला अजून खूप काम आहे." मग माझ्याकडे नीट पाहिलं. "का विचारतोस?"

मी ताईचं सांगितलं. बंद कारखाना, आईचं एक वेळचं जेवण, चपलेचं खोकं, दुप्पट पावडर. बाई भुशातली काडी मोडत बसल्या.

"किती खाते रे तुझी ताई?"

"वहीत आहे," मी म्हणालो. "रोजचं आहे. तिचंही आणि तुलनेला माझंही."

"मग?"

"बेरीज केलेली नाही."

बाई एवढंच म्हणाल्या, "तू? आणि बेरीज केली नाहीस?"

घरी येऊन केली. दोनदा केली. ताई शेजारी शिवत होती. मग कुलूप काढलं आणि डबा तिच्यासमोर ठेवला. किल्ली टाचण्यांच्या डबीत टाकली.

"काय रे हिशेबनीस, सहा वाजले?"

"नाही," मी म्हणालो. वही उघडून तिच्या मांडीवर ठेवली. तिने वाचलं. वाचताना मशीनचं पायडल एकदा आपोआप दाबलं गेलं, सुई रिकामीच चालली. मग तिने एक बिस्किट घेतलं, त्याचा अर्धा तुकडा माझ्या तोंडात कोंबला आणि अर्धा स्वतः खाल्ला.

१२ जानेवारी ते १३ ऑगस्ट, दिवस २१४.
जेवणाचं वजन, रोजची सरासरी : माझं ताईहून १९० ग्रॅम जास्त.
बिस्किटं, मी खाल्लेली : १०४१.
ताईने मागितलेली : ६११.
ताईला दिलेली : ४२८.
ताईला देणं : १८३.
आज फेडलं : अर्धं.
बाकी : एकशे साडेब्याऐंशी. ताई म्हणाली, घाई नाही.